मूर्खलक्षणांची सहावी आवृत्ती

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकाचा प्रारंभ मूर्खलक्षणांनी केला, तो श्रोत्यांनी ती लक्षणे ऐकावी, आपल्या ठायी आढळल्यास मनातल्या मनात ओशाळावे आणि सावकाशीने त्यांचा त्याग करावा, या हेतूने. अर्थात मूर्ख हा सुधारण्याजोगा प्राणी आहे, एवढा भरवसा त्या विरक्त पुरुषालाही मनुष्यजातीविषयी वाटत होता. जिनिव्हा शहरात ज्याचे दप्तर आहे, त्या आंतरराष्ट्रीय विद्युत्-तंत्र आयोगाने हा भरवसा केव्हाच सोडून दिला आहे. घरगुती विद्युत् उपकरणांच्या सुरक्षिततेविषयी आयोगाने ६०३३५ या क्रमांकाचा जो ग्रंथ सिद्ध केला आहे, आणि ज्याच्या पहिल्या भागाची सहावी आवृत्ती २०२० साली निघाली, तो आम्ही चष्मा पुसून पुसून वाचला. आणि आमचे असे मत झाले की, मिक्सर, इस्त्री, पाणी तापवण्याची किटली यांच्या निमित्ताने लिहिलेला हा वस्तुतः मूर्खलक्षणांचाच ग्रंथ असून, फरक इतकाच की, यातल्या मूर्खाला कोणी उपदेश करीत नाही. तो भांडे काठोकाठ भरून वर आणखी ओतणार, वायर धरून यंत्र ओढणार, जिथे बोट घालू नये तिथे नेमके बोट घालणार, यंत्र चालू ठेवून शेजारी बोलत बसणार, आणि सोबतची पुस्तिका उघडूनही पाहणार नाही, हे सारे गृहीत धरून, त्याच्या मूर्खपणाचे मिलिमीटर, न्यूटन आणि सेकंद यांत माप घेऊन, इतके करूनही तो संध्याकाळपर्यंत जिवंत कसा राहील, एवढाच विचार त्यात केलेला आहे.

या ग्रंथाशी आमचा संबंध यावा असे आमच्या पूर्वायुष्यात काही नव्हते. हायस्कुलात इंग्रजी शिकवून आम्ही निवृत्त झालो, आणि विजेविषयीचे आमचे ज्ञान बिल भरण्याच्या मुदतीपलीकडे कधी गेले नाही. परंतु आमचे एक स्नेही भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत मिक्सर तयार करतात, आणि आपला माल परदेशी पाठवावा असे एके दिवशी त्यांच्या मनाने घेतले. विचार अगदीच अव्यवहारी होता असे नाही. न्यू जर्सीपासून म्युनिकपर्यंत जिथे जिथे आपली माणसे जाऊन राहिली, तिथे तिथे ओल्या खोबऱ्याची चटणी आणि भाजलेल्या मसाल्याचे वाटण या दोन गरजा त्यांच्या मागोमाग गेल्या; आणि तिकडच्या दुकानात मिळणारे देखणे यंत्र सुक्या खोबऱ्याच्या दुसऱ्या वाटीलाच करपट वास सोडून कायमची विश्रांती घेते, ही तक्रार सुट्टीवर आलेल्या प्रत्येक भाचीच्या तोंडी असतेच. सबब, यंत्रासोबत द्यावयाची उपयोगपुस्तिका निर्दोष इंग्रजीत लिहावी म्हणून आमच्या स्नेह्यांनी आम्हांस पाचारण केले, आणि ती लिहिण्यापूर्वी नियम वाचणे अवश्य, म्हणून तो ग्रंथ आमच्या हवाली केला.

या उलाढालीत काळाने उगवलेला एक सूडही आहे. १९६३ साली मुंबईत सत्यप्रकाश माथुर नावाच्या अभियंत्याने भारतीय स्वयंपाकाला पुरून उरेल असा मिक्सर तयार करून ‘सुमीत’ या नावाने बाजारात आणला, त्याचे कारण असे सांगतात की, त्यांच्या घरातला जर्मन बनावटीचा मिक्सर आपल्या वाटणापुढे हात टेकून बसला होता आणि त्याची दुरुस्ती करणारे या देशात कोणी नव्हते. जर्मन यंत्र आपल्या स्वयंपाकघरातल्या परीक्षेत असे नापास झाले. आता आपले यंत्र जर्मनांच्या परीक्षेला बसते, आणि परीक्षेची फी युरोत भरते.

या परीक्षा घेणाऱ्या संस्थांचा उगम भूतदयेत असावा अशी आमची समजूत होती, आणि ती आम्ही काही दिवस जपलीही. प्रत्यक्षात तो उगम पैशाच्या काळजीत आहे. १८९३ साली शिकागो शहरी जे जागतिक प्रदर्शन भरले, त्यात विजेच्या दिव्यांची अशी काही आरास होती की, प्रेक्षकांचे डोळे दिपले आणि विमा कंपन्यांचे डोळे पांढरे झाले. कारण तो सारा झगमगाट लाकूड आणि गिलावा यांच्या इमारतींवर केलेला होता, आणि जळालेल्या इमारतीचे पैसे भरण्याचा करार त्यांनी केलेला होता. तारा तपासण्यासाठी बोस्टनहून विल्यम हेन्री मेरिल या पंचविशीतल्या अभियंत्याची रवानगी झाली, आणि १८९४ साली त्याने विमेवाल्यांच्याच पैशांनी, आग विझवणाऱ्या गस्तीपथकाच्या ठाण्यावरच्या मजल्यावर एक लहानशी प्रयोगशाळा थाटली. अंडररायटर्स लॅबोरेटरीज म्हणून जी संस्था पुढे जगन्मान्य झाली, ती हीच. प्रयोग हाताबाहेर गेला तर बंब खालच्याच मजल्यावर हजर, इतकी दूरदृष्टी पुढे फार थोड्या संशोधन संस्थांनी दाखवली आहे. जर्मनीतली कथा याहून हृदयद्रावक. तिथे १८६५ साली मानहाइम गावी बिअरच्या कारखान्यातला बाष्पक फुटला, आणि दुसऱ्याच वर्षी बाष्पकांच्या मालकांनी परस्परांवर देखरेख ठेवणारे मंडळ स्थापन केले. आज मोटारीपासून मिक्सरपर्यंत ज्यावर त्यावर शिक्कामोर्तब करणाऱ्या ट्यूफ नावाच्या संस्था त्याच वंशातल्या. अमेरिकेत विम्याने जे घडले ते जर्मनीत बिअरने घडवले, यावरून त्या दोन राष्ट्रांविषयी काय अनुमान काढावयाचे ते वाचकांनी काढावे. उत्तरेकडे सेम्को, नेम्को, डेम्को आणि फिम्को अशा चार देशांच्या चार संस्था होऊन गेल्या, आणि त्यांची नावे एका दमात घेताना आम्हांस अजूनही पाळण्याचा कार्यक्रम चालू असल्याचा भास होतो. १९०६ साली लंडनमध्ये आंतरराष्ट्रीय आयोगाची स्थापना झाली, आणि खुद्द लॉर्ड केल्व्हिन त्याचे पहिले अध्यक्ष झाले. ज्या महापुरुषाच्या नावाने निरपेक्ष तापमान मोजले जाते, तो ज्याचा पहिला अध्यक्ष झाला त्या आयोगाला आमच्या स्नेह्यांच्या मिक्सरचे झाकण किती तापते याची पृच्छा करण्याचा अधिकार आहे, हे आम्ही नम्रपणे मान्य करतो.

परंतु या सर्व व्यवहाराचा आत्मा एका बोटात आहे. हे बोट धातूचे असून त्याचा व्यास १२ मिलिमीटर आणि लांबी ८० मिलिमीटर आहे. ते दोन पेरांत वाकते, आणि प्रयोगशाळेत त्याला टेस्ट फिंगर असे म्हणतात. यंत्राच्या प्रत्येक फटीत, भोकात, जाळीत आणि खाचेत ते बोट हलक्या हाताने, सरळ, तिरपे, वाकवून, जसे जाईल तसे घालून पाहतात, आणि आतल्या वीजवाहक भागाला त्याचा स्पर्श झाला की यंत्र नापास. आम्ही ते प्रथम पाहिले तेव्हा मखमलीच्या पेटीत निजलेले होते, सोबत त्याच्या मापांचा सही-शिक्क्यानिशी दाखला होता, आणि ते हातात घेण्यापूर्वी स्नेह्यांनी आम्हांस हात पुसावयास लावले. मनुष्याचे चित्र आजवर कवींनी, शिल्पकारांनी आणि तत्त्ववेत्त्यांनी नाना प्रकारे रेखाटले. कोणी त्याच्या मस्तकाची थोरवी गाइली, कोणी हृदयाची. आयोगाने मस्तक आणि हृदय दोन्ही वगळून, जे नको तिथे खुपसले जाते तेवढेच एक इंद्रिय पोलादात कायम केले, आणि आमच्या मते मनुष्याची इतकी प्रामाणिक प्रतिमा दुसरी कोणी घडवलेली नाही. त्यातही बारकावा असा की, तीन वर्षांखालील बालकाचे बोट निराळे, तीन ते चौदा वर्षांच्या मुलाचे निराळे, आणि प्रौढाचे निराळे ठरवलेले आहे. कारण वयाबरोबर बोट जाड होते इतकेच आयोगास आढळले, ते शहाणे होते असे आढळले नाही.

कारखान्यातले मेस्त्री हे गेली अनेक वर्षे मोटारींच्या सान्निध्यात वाढलेले गृहस्थ, त्यांना हे बोट पहिल्यापासून पटले नाही. “सर,” ते आम्हांस म्हणाले, “चालू मिक्सरमध्ये बोट घालणारा माणूस मी बघितला आहे. तो असं हळूच, सगळ्या बाजूंनी तपासून घालत नाही. तो एकदाच घालतो.”

बोटाच्या पाठोपाठ पाण्याची परीक्षा. मिक्सरचे भांडे पाण्याने पूर्ण भरावयाचे, त्या पाण्यात सुमारे एक टक्का मीठ घालावयाचे, आणि मग भरलेल्या भांड्यात त्याच्या मापाच्या पंधरा टक्के किंवा पाव लिटर, यांपैकी जे अधिक असेल तितके पाणी, एका मिनिटात, एकसारख्या धारेने आणखी ओतावयाचे. ज्या गृहस्थाने हे कलम लिहिले तो आपल्या घरच्या स्वयंपाकघरात कधी तरी उभा राहिलेला असला पाहिजे, कारण भरलेल्या भांड्यात “एवढं मावेल” असे म्हणून आणखी ओतण्याची प्रवृत्ती केवळ महाराष्ट्रीय असावी अशी आमची इतके दिवस कल्पना होती. मिठाचे प्रमाण मात्र आमटीपेक्षा थोडे अधिक वाटते. त्यानंतर यंत्राला त्र्याण्णव टक्के दमटपणाच्या कपाटात अठ्ठेचाळीस तास कोंडून ठेवतात. चिपळुणात आषाढ काढलेल्या यंत्राला ही शिक्षा मुळीच जाणवू नये, पण नियमात चिपळूणचा उल्लेख नाही. कपाटातून बाहेर काढल्यावर त्याच्या विद्युत्-रोधावर तीन हजार व्होल्टपर्यंतचा दाब एक मिनिटभर ठेवतात, ज्याला कारखान्यात ‘हायपॉट’ म्हणतात, आणि त्या एका मिनिटात मेस्त्री मारुतिस्तोत्र पुटपुटतात, ही वहिवाट कोणत्याही आवृत्तीत नमूद नसली तरी अद्याप तिला कोणी हरकत घेतलेली नाही.

वायर धरून यंत्र ओढण्याचा जो सार्वत्रिक प्रमाद, त्यासाठी पंचवीस हिसके ठरलेले आहेत, आणि यंत्र चार किलोहून जड असेल तर प्रत्येक हिसका शंभर न्यूटनांचा, म्हणजे दहा किलोची गोणी लटकावल्याइतका. बाहेरच्या कवचावर अर्ध्या ज्यूलच्या स्प्रिंगच्या हातोडीने एकेका जागी तीन तीन ठोके. पाच मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी तापलेल्या भट्टीत प्लॅस्टिकवर वीस न्यूटनांनी तासभर दाबून ठेवावयाची, आणि खळगा दोन मिलिमीटरहून मोठा पडला तर ते प्लॅस्टिक बाद. लाल झालेल्या तारेचा वेटोळा प्लॅस्टिकला तीस सेकंद टेकवून, खाली फळीवर अंथरलेल्या तलम कागदावर पेटता थेंब पडून कागद पेट घेतो काय ते पाहावयाचे. तापणाऱ्या उपकरणांसाठी प्रयोगशाळेत वीस मिलिमीटर जाडीच्या प्लायवुडचा, निस्तेज काळा रंग दिलेला एक कोपराच उभारलेला असतो, कारण ऊबदार यंत्र दिसताच ते भिंतीच्या कोपऱ्यात ढकलावे अशी ऊर्मी मनुष्याला होते, असे आयोगाचे निरीक्षण आहे. आणि आमच्या घरचा शेगडीचा कोपरा पाहिल्यावर ते आम्ही बिनशर्त मान्य केले. सर्वांत आमच्या मनात भरली ती लेबलाची परीक्षा. यंत्रावरचा मजकूर पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पंधरा सेकंद, आणि मग पेट्रोलियम स्पिरिटमध्ये भिजवलेल्या फडक्याने आणखी पंधरा सेकंद, हाताने घासावयाचा, आणि तरीही तो वाचता आला पाहिजे. जो मजकूर कोणीही कधीही वाचणार नाही, तो अक्षय राहावा म्हणून घेतलेली ही दक्षता पाहून, आयुष्यभर फळ्यावर व्याकरण लिहिलेल्या आमच्यासारख्याचा कंठ दाटून आला.

मिक्सरसाठी या ग्रंथाचा स्वतंत्र भाग आहे, आणि त्यात द्रव पदार्थांच्या मिक्सरवर नेहमीचा भार म्हणून काय घालावे तेही सांगितले आहे. ते आहे गाजर. गाजरे चोवीस तास पाण्यात भिजवावी, त्यांचे पंधरा मिलिमीटरहून मोठे नसतील असे तुकडे करावे, आणि दोन भाग गाजराला तीन भाग पाणी या वजनी प्रमाणात भांड्यात घालावे. हे वाचून झाल्यावर कारखान्याच्या कचेरीत काही वेळ कोणी बोलले नाही. ज्या यंत्राची मोटर हळकुंडे, सुके खोबरे आणि शेंगदाण्याचा कूट यांच्यासाठी घडवली, भाजलेला काळा मसाला वाटताना जे दचकत नाही, त्याने भिजवलेल्या गाजरांपुढे आपले शौर्य सिद्ध करावयाचे! मेस्त्रींनी ते कलम आम्हांकडून दोनदा वाचून घेतले आणि विचारले, “साखर कधी घालायची?” तथापि ग्रंथकर्त्यांना सर्वस्वी बोल लावण्यात अर्थ नाही. पाते अडकून मोटर जागच्या जागी थांबली, तर हाताने दाबून धरावयाच्या यंत्रात तीस सेकंद आणि माणूस जवळ उभा असावयाच्या यंत्रात पाच मिनिटे तिला तसेच तापू द्यावे, असे निराळे कलम आहे, आणि त्यात गाजर नाही. तिथे आमच्या स्नेह्यांचा पहिला मिक्सर नापास झाला. धूर आला, वास आला, आणि मेस्त्रींनी तो वास ओळखून आतल्या वार्निशाची जात सांगितली. पण परीक्षकाच्या तक्त्यात वार्निशाच्या जातीसाठी रकाना नव्हता.

आता उपयोगपुस्तिकेविषयी. या कामास आम्ही काही साहित्यिक महत्त्वाकांक्षा बाळगून बसलो होतो, हे लपवण्यात हशील नाही. वाचकाला विश्वासात घेऊन, आधी यंत्राची ओळख, मग चटणीचे निमित्त, मग हलकेच सावधगिरीचे दोन शब्द, असा आमचा मसुदा होता. तो प्रयोगशाळेकडून परत आला, आणि सोबतच्या पत्रात असे कळवलेले होते की, इशाऱ्यांचा मजकूर ग्रंथात दिला आहे तोच, तसाच, शब्दशः घालावा असा प्रयोगशाळेचा आग्रह आहे. तो मजकूर म्हणजे एक अजस्र वाक्य असून त्यात असे प्रतिपादन आहे की, ज्यांची शारीरिक, ऐंद्रिय किंवा मानसिक क्षमता उणी आहे, अथवा ज्यांस अनुभव वा ज्ञान नाही, अशा मुलांसकट सर्व व्यक्तींनी, त्यांच्या सुरक्षिततेस जबाबदार असलेल्या इसमाची देखरेख वा शिकवण असल्याखेरीज हे उपकरण वापरू नये. आम्ही त्यात एक स्वल्पविराम सुचवला. उत्तर आले की, मजकूर आयोगाचा आहे. मग आम्ही घरी ते वाक्य मोठ्याने वाचून दाखवले, तेव्हा सौभाग्यवतींनी शांतपणे विचारले की, मग या घरात मिक्सर वापरावयाचा कोणी. युरोपातल्या सर्वसामान्य मजकुरात याहून औदार्य आहे. तिथे आठ वर्षांवरील मुलाला देखरेखीखाली बऱ्याच उपकरणांना हात लावता येतो, मात्र मिक्सरसारख्या पात्याच्या यंत्रापाशी ते औदार्य आवरते घेतलेले आहे. शिवाय ज्या देशात माल जाईल त्या देशाच्या भाषेत पुस्तिका हवी, आणि युरोपीय संघाच्या अधिकृत भाषा चोवीस आहेत. परिणामी वीतभर यंत्रासोबत हातभर पुस्तिका जाते, आणि आमचे स्वतःचे असे त्यात फक्त “भांडे वापरण्यापूर्वी धुऊन घ्यावे” हे एक वाक्य उरले. ते मात्र सरस उतरले आहे.

देशोदेशीच्या खुंट्यांविषयी फार लिहीत नाही, कारण तो विषय निघाला की आमच्या स्नेह्यांचा रक्तदाब चढतो. आपल्या भिंतीत ज्या तीन गोल खुंट्यांचा प्लग बसतो, तो इंग्रजांचाच जुना नमुना. इंग्रजांनी १९४७ साली, म्हणजे इथून गाशा गुंडाळण्याच्या धांदलीतही, स्वतःसाठी आत फ्यूज असलेला चौकोनी खुंट्यांचा नवा नमुना ठरवला, आणि जुना आम्ही वारसाहक्काने वागवत आहोत. अमेरिकेत वीज एकशेवीस व्होल्ट, साठ आवर्तने. म्हणून भाचीने बॅगेतून नेलेला पुण्याचा मिक्सर तिथे नुसताच कण्हतो. जपानात शंभर व्होल्ट, पण तोकियोच्या बाजूस पन्नास आवर्तने आणि ओसाकाच्या बाजूस साठ, कारण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एका शहराने जनित्रे जर्मनीहून मागवली आणि दुसऱ्याने अमेरिकेहून, आणि त्यानंतर आजतागायत दोघांपैकी कोणीही माघार घेतली नाही. हा बाणा पाहता त्यांतले एक शहर पुणे नव्हते, याची आम्ही नकाशा काढून खात्री करून घेतली. १९८६ साली आयोगाने साऱ्या जगासाठी एकच प्लग सुचवला; ब्राझीलने थोडा फेरफार करून आणि दक्षिण आफ्रिकेने तो पुढे स्वीकारला, आणि बाकीच्या राष्ट्रांनी अभिनंदनाचा ठराव करून आपापले प्लग खिशात ठेवले असावेत.

युरोपची रीत मात्र सविस्तर सांगण्याजोगी आहे. मालावरच्या ‘सीई’ या दोन अक्षरांच्या चिन्हासाठी, ज्याची उंची पाच मिलिमीटरहून कमी असता कामा नये, घरगुती यंत्राच्या बाबतीत कोणत्याही परक्या संस्थेच्या दाराशी जाण्याची कायद्याने गरज नाही. कारखानदाराने दस्तुरखुद्द जाहीर करावयाचे की, माझे यंत्र सर्व निर्देशांस अनुसरून आहे. हे कळल्यावर आमच्या स्नेह्यांचा चेहरा असा उजळला की, क्षणभर आम्हांस त्यांची काळजी वाटली. “म्हणजे पेपर मीच लिहायचा, मीच तपासायचा, आणि मार्कही मीच द्यायचे?” ते म्हणाले. शाळाखात्यात ही पद्धत असती, तर निकाल किती सुधारला असता, हा विचार आमच्याही मनात येऊन गेला. पण पुढचा मजकूर वाचता वाचता तो उजेड मावळत गेला; कारण त्या जाहीरनाम्यामागचे नकाशे, चाचण्यांचे अहवाल, सुट्या भागांची यादी, हे सारे दप्तर दहा वर्षे जपून ठेवावयाचे, आणि त्या मुदतीत कोणत्याही अंमलदाराने मागितले की हजर करावयाचे. विश्वास ठेवतो म्हणून लिहून घेतलेला मुचलकाच तो. एवढ्यावरही तिकडचा घाऊक व्यापारी मालकाच्या सहीवर समाधान मानीत नाही, आणि त्रयस्थ प्रयोगशाळेचा कागद मागतोच; इतकेच की, तो कायद्याने नव्हे, स्वभावाने मागतो. उलट अमेरिकेत घरगुती यंत्राला सरसकट असा दाखला हवा म्हणून केंद्राचा कायदा नाही, पण दुकानदार, विमेवाले आणि स्थानिक निरीक्षक यांची अशी काही साखळी आहे की, शिक्क्यावाचून माल फळीवर चढत नाही. ज्या देशात सक्ती नाही तिथे सुटका नाही, आणि ज्या देशात सक्ती आहे तिथे स्वतःच सही करावयाची. आमच्या स्नेह्यांनी या दोन्ही व्यवस्थांना एकाच शब्दाने संबोधले, तो आम्ही लिहीत नाही.

सुट्या भागांची यादी हा या दप्तराचा गाभा. यंत्रातला स्विच, वायर, प्लग, जादा भाराने तुटणारा कटआउट, आतली रोधक नळी, कवचाचे प्लॅस्टिक, या प्रत्येकाचा कर्ता कोण, नमुना कोणता, क्षमता किती, आणि त्याचा स्वतःचा दाखला कोणता, हे एका तक्त्यात नमूद करावे लागते. आणि एकदा ते नमूद झाले की, त्यातला एकही भाग परवानगीवाचून बदलता येत नाही. म्हणजे मिक्सरला दाखला हवा, तर त्याच्या स्विचला आधी दाखला हवा, आणि स्विचच्या प्लॅस्टिकला त्याच्याही आधी. कारखान्याच्या खरेदी-कारकुनाने तपकीर गल्लीतून अगदी तसाच, काकणभर सरसच दिसणारा स्विच निम्म्या किमतीत आणला, तेव्हा त्याला शाबासकीची अपेक्षा होती. स्विच उत्तम चालत होता. परंतु त्याच्या कुळाचा काही ठावठिकाणा लागेना. विकणाऱ्याने “माल दिल्लीचा आहे” एवढीच वंशावळ सांगितली, आणि ‘दिल्ली’ हा कर्त्याच्या नावाचा रकाना भरण्यास पुरेसा नाही, असे प्रयोगशाळेचे म्हणणे पडले.

असो. यथावकाश, म्हणजे मोटरचे वार्निश बदलून, कटआउट नवा घालून, वायरच्या मुळाशी दणकट पकड बसवून, आणि मेस्त्रींचा त्या बोटाविषयीचा अभिप्राय यत्किंचितही न बदलता, दाखला हाती आला. पण दाखला मिळाल्यावर निरीक्षण सुरू होते, हे आम्हांस ठाऊक नव्हते. काही संस्थांचा नियम असा की, त्यांचा निरीक्षक पूर्वसूचना न देता कारखान्यात येतो, चालू उत्पादनातले यंत्र उचलतो, ते तक्त्याप्रमाणे आहे काय हे पाहतो, आणि तपासणीची उपकरणे धड आहेत की नाही याचीही रुजुवात घेतो. अशा एका संस्थेचे निरीक्षक आमच्या स्नेह्यांकडे प्रथम आले ते खंडेनवमीच्या सकाळी. संस्था परदेशी असली तरी निरीक्षक सदाशिव पेठेतले होते, त्यामुळे दाराशी चपला पाहताच त्यांनी आपले सुरक्षेचे बूटही निमूटपणे काढून ठेवले. आत सारी यंत्रे धुऊन पुसून, झेंडूच्या माळा घालून उभी होती. हायपॉटच्या यंत्रावर स्वस्तिक काढलेले होते. आणि चौरंगावर, पाने, स्क्रू-ड्रायव्हर, मायक्रोमीटर यांच्या मधोमध, ते पोलादी बोट हळदकुंकू लावून, वर आपट्याचे पान ठेवून विराजमान झालेले होते.

“आज यंत्र चालू करता येणार नाही, साहेब,” मेस्त्री म्हणाले. “शस्त्रं पूजेला बसली आहेत.”

निरीक्षकांची अडचण खरी होती. उत्पादन बंद का, या रकान्यात इंग्रजीत काही तरी लिहिणे भाग होते, आणि त्यांच्या यादीत संप, वीज नाही, कच्चा माल नाही, एवढीच कारणे छापलेली होती. निवृत्त शिक्षक म्हणून आमचा सल्ला घेण्यात आला, आणि “वार्षिक विधिवत् देखभाल” अशा अर्थाचे तीन शब्द आम्ही सुचवले, ते त्यांस पसंत पडले. परंतु बोटाजवळ येताच त्यांच्यातला निरीक्षक जागा झाला. त्यांनी वाकून पाहिले. पहिल्या पेरात कुंकू शिरलेले होते, आणि टोकाशी हळदीचा चांगलाच थर होता.

“मेस्त्री, याचा व्यास बारा मिलिमीटर असतो, आणि त्याला सवलत फार थोडी असते,” ते म्हणाले. “ही हळद धरून तो भरणार किती?”

“साहेब,” मेस्त्री म्हणाले, “मिक्सरला ज्यांचा हात लागतो त्या सगळ्या बोटांना हळदच असते. आज पहिल्यांदा हे बोट कामाचं दिसायला लागलं.”

निरीक्षकांनी हे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घेतले, क्षणभर विचार केला, आणि शेरा लिहावयाचा तो लिहिलाच: बोट स्वच्छ करून पुनः मोजून घ्यावे, आणि मापाचा ताजा दाखला मुदतीत पाठवावा. सहीच्या वेळी त्यांच्या डाव्या हातात प्रसादाचा पेढा होता, उजव्याला कुंकू लागलेले होते, आणि अहवालाच्या मूळ प्रतीवर, तारखेच्या किंचित वर, त्यांच्या अंगठ्याचा ठसा स्पष्ट उमटला आहे. प्रत तशीच परदेशी रवाना झाली. तिकडून आलेल्या पत्रात बाकी सर्व मान्य करून, हा लाल शिक्का कोणत्या अधिकाऱ्याचा आहे, एवढी विचारणा केलेली आहे; आणि तिचे उत्तर निर्दोष इंग्रजीत लिहिण्याचे काम अर्थातच आमच्याकडे आले आहे.